कुमुदताईंचं अमेरिकन युद्ध

शनिवारी सकाळी बेल वाजते. दारात कुमुदताई रेगे. खांद्याला लायब्ररीची पिशवी, चेहऱ्यावर सेनापतीचा भाव.

"सबनीस, जरा अर्धा तास पाच वर्षांचे व्हाल का?"

माझं वय बावन्न. पोट वयाच्या थोडं पुढे. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत लोक मला 'सर' म्हणतात. पण मी निमूटपणे चपला घालतो, एक मजला चढतो आणि कुमुदताईंच्या हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसतो. मागून बायकोचा आशीर्वाद येतोच, "जा, जा. घरी तरी तू कुठे पन्नाशीचा असतोस?"

ताई सोफ्यावर बसतात, चष्मा पुसतात आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरचं एखादं बालपुस्तक खणखणीत आवाजात वाचू लागतात. माझं काम एकच, चुळबूळ करणं. ती मी कितव्या पानावर सुरू करतो, यावर पुस्तकाचं भवितव्य ठरतं. एकदा मी सहाव्या पानावर करंगळी वर केली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाचं काम केलेला माणूस मी, संधी मिळाली की अभिनय करणारच! ताईंनी खाडकन पुस्तक मिटलं. "बाद. मलाही केव्हाचा कंटाळा आला होता."

पण जास्त रंगलो तरी पंचाईत. मी बोबडं बोलायला लागलो की म्हणतात, "तीनचे झालात तुम्ही. पाचच ठेवा."

या परक्या देशातल्या हौगांग उपनगरात, या ब्लॉकमध्ये त्या आमच्या कितीतरी आधीपासून राहतात. सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. यजमान वारले, मुलगा मकरंद बॉस्टनजवळ स्थायिक झाला. लढायांशी बाईंचा संबंध शून्य. आता लायब्ररीतली काउंटरवरची मुलगी लांबूनच विचारते, "आंटी, टुडे ऑल्सो वॉर आह?" आणि ताई पिशवी सावरत तिच्याच ढंगाच्या इथल्या इंग्रजीत सांगतात, "स्टिल फायटिंग, लाह."

पुस्तक पारखायच्या त्यांच्या कसोट्या ऐकाव्यात. घोडा तिसऱ्या पानाच्या आत आलाच पाहिजे. सैनिक काय जेवले, ते कळलं पाहिजे. "उपाशी लढले म्हणतात, मग आदल्या दिवशी काय खाल्लं ते सांगा की!" शत्रूला एखादी तरी आई हवी. ही जमीन आधी कोणाची होती, हे ज्यात नाही ते पुस्तक अर्धवट. आणि खोटं अजिबात नको. एका लेखकाने रणांगणावरची माणसं 'शांत झोपी गेली' असं लिहिलं होतं. ताई कडाडल्या, "मेली म्हणावं सरळ! नाहीतर पोर रात्री झोपायला घाबरेल." तहाची कलमं, सेनापतींची घराणी, नकाशातले बाण आले की एकच शेरा, "पोराला काय त्याचं?"

युद्धाच्या कारणावर मात्र त्यांच्यातली ऑडिटर उसळून येते. "कर भरला असता तर हे सगळं टळलं असतं! आणि रागाने चहाच्या पेट्या समुद्रात फेकायच्या? शहाणी माणसं आधी पेट्या घरी नेतात, मग भांडतात."

हे सगळं कशासाठी, ते मी एकदा उठताना गुडघा धरून विचारलं. ताई चिवड्याची वाटी पुढे करत म्हणाल्या, "आमचा नील."

नील म्हणजे मकरंदचा मुलगा, आता सहा पूर्ण होणार होता. त्यांच्या गावात म्हणे दर दुसऱ्या बागेत तोफ. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल. आजी मराठीत बोलणार, नातू इंग्रजीत. एकदा त्याने निळ्या कोटातला खेळण्यातला शिपाई कॅमेऱ्यापुढे धरून विचारलं, आजी, हा कोणाकडून लढतो?

"मी म्हटलं, मला नाही रे माहीत, बाळा. तर 'ओके, बाय' म्हणाला आणि फोन बापाच्या हातात देऊन गेला." ताईंनी चिवड्यातला शेंगदाणा उगाच बाजूला केला. "रागावून नाही हो. राँग नंबर लागल्यावर आपण म्हणतो ना, तसं. त्यानंतर कॉलवर येतो, हाय म्हणतो आणि पळतो. आता त्याला धरून ठेवील असं काहीतरी माझ्याकडे हवंच."

त्या दिवसापासून मी जरा मन लावून पाच वर्षांचा होऊ लागलो.

शेवटी ते पुस्तक सापडलं. तोफेजवळच्या तहानलेल्या सैनिकांना पाणी आणून देणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिसऱ्या पानावर घोडा, पाचव्यावर शिळा पाव. मध्येच ताई पाणी प्यायला थांबल्या आणि मी माझ्या खऱ्या, बावन्न वर्षांच्या आवाजात म्हणालो, "मग?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हेच!"

दोन प्रती मागवल्या. एक वाढदिवसासाठी बॉस्टनला गेली, दुसरीवर तालमी सुरू झाल्या. तोफेसाठी परात आणि लाटणं. पहिल्याच 'धडाम'ला शेजारच्या लिम आंटी धावत आल्या, "एव्हरीथिंग ओके ऑर नॉट?" मधूनमधून त्या मला वाचायला लावत, आणि मी एक ओळ वगळून पान उलटलं तर ओरडायच्या, "ओळ खाल्लीत! मागे चला."

वाढदिवसानंतरच्या कॉलला मला तोफखान्यावर नेमलं होतं. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. ताई ठेवणीतली साडी नेसून, पुस्तक उघडून, घसा खाकरून तयार. पडद्यावर नील आला. पुढचा एक दात गायब, हातात तेच पुस्तक. म्हणाला, आजी, मला आता वाचता येतं. मी तुला वाचून दाखवू?

ताईंचं तोंड पहिल्या वाक्यासाठी उघडलेलं होतं. ते मिटलं. मग त्यांनी आपली प्रत हळूच उशीखाली सरकवली.

"वाच ना, राजा. मला यातलं काहीच माहीत नाही."

तो शब्दांखाली बोट धरून वाचू लागला. अडखळत, मान वर करून आजी आहे ना बघत. दुसऱ्याच पानावर त्याने एक अख्खी ओळ खाल्ली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. उलट गुडघ्यांवर हात टेकत त्या सोफ्यावरून खाली उतरल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"हा निळ्या कोटातला कोणाकडून लढतो रे?"

नीलने सुस्कारा सोडून पहिल्यापासून समजावलं. तोफ आली तशी मी लाटणं उचललं. ताईंनी माझा हात धरून खाली दाबला. 'धडाम' त्याने स्वतःच केलं, पडलेल्या दाताच्या फटीतून थुंकी उडवत.

इतक्यात आतून त्याच्या आईची जेवायची हाक आली. एकदा, मग जरा चढ्या आवाजात. ताईंची माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली.

"वेट, मम्मा!" नील मान वळवून ओरडला, आजीला शेवट माहीत नाहीये!

आणि पुस्तक तोंडपाठ असलेल्या कुमुदताईंनी, अगदी पाच वर्षांच्या पोरीसारखी, जोरजोरात नकारार्थी मान हलवली.