हरणीला हात कोणी लावावा

ज्या देशात जनावरांसाठी स्वतंत्र कायदा आहे, तो देश सुधारलेला समजावा. आपल्याकडे असा कायदा सन १९७२ मध्ये झाला. त्यात कलमं सहासष्ट. हरणाला पाय चारच. तेव्हा दोघांची शर्यत लागली तर पुढं कोण जाईल, हे सांगायला नको.

या कायद्याचं खरं मोठेपण हे की तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती लागत नाही. (चांगली भांडी आपण उंच फळीवरच ठेवतो.) झडती कोणी घ्यावी, जप्ती कोणी करावी, शिकाऱ्याला कोणी धरावं, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. वनखात्याचा अधिकारी, किंवा पोलिसांपैकी फौजदाराच्या दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी. शिकार करणाऱ्याला मात्र दर्जाची अट घातलेली नाही. तिथं कोणीही चालतो.

या व्यवस्थेची कसोटी १९७९ च्या ऑक्टोबरात, पिशोरच्या अलीकडं लव्हाळी नावाच्या गावी लागली. व्यवस्था कसोटीला पूर्ण उतरली, एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

मंगळवारी सकाळी सातला साळूबाई आपल्या तुरीच्या वावरात गेली. साळूबाई म्हणजे साठीची विधवा बाई, चार लेकी उजवलेल्या, वावर तीन एकर. बांधाच्या कडेला तूर हलत होती. वारा नव्हता. जाऊन बघते तर हरणी पडलेली, मागच्या पायात तारेचा फास. पोट हे एवढं. चार लेकींची बाळंतपणं हातावर केलेली बाई ती. बघताक्षणी म्हणाली, "आगं माय, आज-उद्याची हायेस की तू!"

फास मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा होता. तार कोणाची, याचा तपास अद्याप लागलेला नाही. गावात मोटारसायकल एकच आहे, त्यामुळं संशय नेमका कोणावर घ्यावा हे ठरत नाही.

कोणी म्हणेल, फास सैल करायला काय लागतं? पण साळूबाई कायदा मानणारी बाई. आदल्याच आठवड्यात गावात दवंडी झाली होती की रानातल्या जनावराला जो हात लावील तो आत जाईल. दवंडी सगळ्या गावानं ऐकली. खरी फक्त साळूबाईला वाटली. ती तशीच मागं फिरली आणि वनरक्षक बन्सीला घेऊन आली.

बन्सी सायकलवरून आला. हरणीकडं पाहून त्याचे डोळे भरले. (खात्यात अशी माणसं आहेत.)

"माय, हात नको लावू हां. लावला की आत."

"आत कुठं?"

"हर्सूलच्या जेलात."

"मंग तू लाव ना बाबा. तुझ्या टोपीवर सरकारचा शिक्का हाय."

"शिक्का हाय. पण माझी बीट नाल्याच्या तिकडं. हे वावर महसुलाचं. रेंजरसाहेबाची चिठ्ठी पायजे."

"मंग हिला उचलून नाल्याच्या तिकडं ठिऊ?"

"ती वाहतूक झाली. तिला येगळा परवाना."

रेंजरसाहेब शहरात होते. तिथं वन्यजीव सप्ताहाचं उद्घाटन होतं, मंत्री येणार होते आणि 'मुके प्राणी व आपण' या विषयावर भाषण होतं. बन्सीनं मग अधिकारात बसेल तेवढं केलं. हरणीच्या भोवती चार खुंट ठोकले आणि दोरी बांधली, कोणी आत जाऊ नये म्हणून. हरणी आता दोनदा अडकली होती, पैकी एकदा कायदेशीर.

साळूबाई तिथून औटपोस्टवर गेली. बद्रीनाथ जमादार सव्वीस वर्षं नोकरी झालेले, मनानं मऊ. ते लगेच उठले, चालत वावरात आले, दोरीबाहेर उभे राहिले आणि त्यांनी मोठा उसासा सोडला.

"साळूआक्का, मला तारा नाय."

"काय नाय?"

"तारा. खांद्यावर. फौजदाराला दोन असत्यात. माझ्या बाहीवर पट्ट्या हायत, तीन."

"तीन पट्ट्यांचा एक तारा व्हत नाय व्हय?"

"नाय ना."

"मंग पट्ट्या लावून तुमी करता काय?"

"कोंबडीचोर धरतो."

"हिला कोंबडी समजा."

जमादारांनी यावर खरोखर विचार केला. "समजलो आसतो. पण कोंबडीला मालकाची फिर्याद लागते. हिचा मालक सरकार. सरकारनं ठाण्यात यावं, फिर्याद द्यावी, मंग बघू."

"आन् फौजदारसाहेब?"

"शहरात. मंत्र्याच्या बंदोबस्ताला."

साळूबाई बांधावर बसली. म्हणाली, "पोलीस ॲक्शनच्या आधी शिकार कराया परवाना लागायचा, तवा आमी निजामाला नावं ठेवायचो. आता सोडवाया लागतो. लई पुढं आलो म्हणायचं."

त्या दिवशीची आकडेवारी मी मिळवलेली आहे. हरणीला हात लावण्याचा निर्विवाद अधिकार असलेले जवळपासचे अधिकारी नऊ. पैकी सात वन्यजीव सप्ताहाच्या मांडवात, एक रजेवर, एक पद रिकामं. अधिकार नसलेले पण हजर असलेले, दोन. दुरून बघायला आलेले, एकशे चाळीस. हरणी एक. या संख्येवर पुढं वाद झाला, तो येईलच.

ऊन चढलं. साळूबाईनं पत्र्याच्या पाटीत पाणी आणलं. बन्सी म्हणाला, पाणी पाजणं म्हणजे पाळणं होतं, आणि पाळायला परवानगी लागते. मग तिनं पाटी दोरीखालून काठीनं हळूहळू आत सारली. काठीला कायद्यात काही म्हटलेलं नाही. हरणीनं मान लांब केली, पाणी प्याली आणि साळूबाईकडं बघत राहिली. जात्यावर बसल्यागत डुलत साळूबाईनं ओवी म्हटली:

लेक आली माहेराला, तुरीच्या गं वावरात
तारेचं हे पैंजण, कुणी घातलं पायात

(शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हजर असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. परंतु ओवीला उत्तर देण्याची पद्धत नाही.)

रात्रभर ती कुत्री हाकलत दोरीबाहेर बसून राहिली. बुधवारी सकाळी तात्यासाहेब आले. गावचे मोठे बागाईतदार. हरणांची ओढ त्यांना लहानपणापासून, बैठकीच्या भिंतीवर सात मुंडकी आहेत. ते पायी आले होते, कारण त्यांची मोटारसायकल आठ दिवसांपासून बंद होती. तिला क्लचची तार नव्हती.

त्यांनी टोपी काढून हरणीकडं पाहिलं. "मुकं जनावर," ते म्हणाले. "कायदा अजून कडक पाहिजे." जमादारांनी मान डोलावली. साळूबाईनं तात्यासाहेबांच्या पायातल्या वहाणांकडं नुसतं पाहिलं आणि थुंकायला तोंड बांधाकडं फिरवलं.

दुपारी एकला हरणी व्याली.

बन्सीच्या अहवालात "मादी, एक" असं लिहिलेलं होतं. आता दोरीच्या आत दोन जीव होते. दुसरा आत आला कसा, हे लिहिणं भाग होतं. तो दोरी ओलांडून आला नव्हता. त्याला कोणी आणलाही नव्हता. बन्सी पेन चावत बसला. जमादारांनी सुचवलं, "लिही, आपणहून हजर झाला." तसं लिहिलं गेलं.

पाडस ओलं होतं. तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं. आईच्या अंगाशी गेलं, पण हरणी तारेला ओढ बसेल तशी आडवी झालेली, पोट मातीला चिकटलेलं. पाडस नाकानं ढोसत होतं. कधी गुडघ्याशी, कधी पाठीशी. तोंड थानाला पोचत नव्हतं. तासाभरात त्याचं ढोसणं मंदावलं.

"जमादार, पोरगं मरतंय ते," साळूबाई म्हणाली.

"फौजदारसाहेब उद्या सकाळी येतेत, आक्का."

"त्याला सांगा ना तसं. म्हणावं, उद्या सकाळपस्तोर थांब."

 जमादार मान खाली घालून आपल्या पट्ट्या बघत राहिले.

साळूबाई उठली. दोरी वर उचलली आणि वाकून आत गेली. बन्सी "माय! माय!" करीत राहिला. तिनं पदर काढून हरणीच्या डोळ्यांवर टाकला, तसं ते जनावर एकदम शांत झालं. मग तिनं फास दोन बोटांनी मागं सारला. तार निघाली. पदर उचलला. हरणी थोडी थांबली, तीन पायांवर उभी राहिली, आणि पाडस थेट तिच्या पोटाखाली शिरलं. पोट भरून प्यालं. मग दोघं सावकाश तुरीत गेली. वर शेंडे थोडे हलले, मग राहिले.

एकतीस तास अडलेलं काम अर्ध्या मिनिटात झालं. इतकी घाई कायद्याला चालत नाही.

आणि इथं व्यवस्थेचा वेग पाहण्यासारखा आहे. तात्यासाहेबांनी तालुक्याला, कन्नडला फोन लावला. शहरात निरोप गेला. संध्याकाळी पाचच्या आत फौजदारसाहेबांची जीप वावरात. मागोमाग रेंजरसाहेबांची. दोघांच्या छातीवर सप्ताहाचे बिल्ले तसेच होते, वर हसरं हरीण. आता बीट आडवी आली नाही, महसुलाची हद्द आडवी आली नाही. तारे, पट्ट्या, शिक्का, सगळ्यांचा अधिकार एका ठिकाणी जुळला. इतके दिवस या कायद्याला एका गोष्टीचीच उणीव होती, ती म्हणजे ठामपणे कबूल होणारा आरोपी.

"तुम्ही हात लावला?" फौजदारांनी विचारलं.

"लावला."

"कायदा माहीत होता?"

"तुमच्यापेक्षा जास्त, साहेब. मी दोन दिस त्याच्याजवळ बसलेली हाय."

गुन्हे असे लावण्यात आले: वन्यप्राण्यास हात लावणे. सरकारी दोरी ओलांडणे. मुद्देमाल पळवून लावणे, नग दोन. तारेचा फास बेवारस म्हणून जमा झाला. तात्यासाहेबांनी तो ओळखला नाही.

आता राहिला पंचनामा. त्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. पहिली सही तात्यासाहेबांनी केली, मोठी, वळणदार. दुसऱ्या सहीला गावात माणूस मिळेना. एकशे चाळीसपैकी एकजणही पुढं आला नाही. त्यातल्या दगडाबाईनं तर फौजदारांच्या तोंडावर सांगितलं, "आंगठा तोडून घ्या, देते. सही नाय." अडाणी माणसं.

पंच कसा असावा, हे रिवाजानं ठरलेलं आहे. त्यानं प्रकरण आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेलं असावं. तार कोणाची हे ओळखून गप्प राहिलेला असावा. पाडस ढोसत होतं तेव्हा त्याला वाईट वाटलेलं असावं, आणि तरी तो बसल्या जागेवरून हललेला नसावा. लिहिता-वाचता येत असल्यास उत्तम.

साळूबाई औटपोस्टच्या ओट्यावर बसवलेली आहे. कागद इथं आहे. तात्यासाहेबांच्या नावाखाली आपल्यासाठी जागा सोडली आहे. अंगठा चालणार नाही. आपण शिकलेले आहात.