किसनरावांची बैठक

किसनराव वानखड्यांच्या घरी मी कितीदा तरी गेलो, पण एका जागी दुसऱ्यांदा बसलो असं कधी झालं नाही. मागच्या रविवारी जिथं खुर्ची होती, तिथं या रविवारी पाण्याचा माठ असायचा. मी आठवडाभर कचेरीत मान मोडून दमलेला माणूस, मागं न बघता बुड टेकायचो. एकदा माठावर बसलो. एकदा ट्रंकेवर. एकदा तर त्यांच्या बायकोनं, वेणूबाईंनी, निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीच्या सुपात बसलो. मी दचकून उठायला लागलो तर किसनराव म्हणाले, "उठू नका भाऊ, बसून राहा! तुमी बसले तं खोलीचा तोल साजरा दिसून राहिला."

खोली म्हणजे आमच्या अमरावतीच्या सरकारी क्वार्टरची पुढची खोली. त्यांची आणि माझी भिंत एकच, आणि कचेरीही एकच. मी आवक-जावक बघायचो, ते रेकॉर्ड सांभाळायचे. रेकॉर्डमध्ये वर्षानुवर्षं एक कपाट हललं नाही, त्याचं उट्टं ते घरी काढत असावेत.

झालं असं की गावात एका संस्थेनं मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले. शिवण, हिशेब, टंकलेखन, आणि 'गृहसजावट'. वर्षाचा अभ्यास, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. गृहसजावटीला लग्नाच्या मुली आणि दोन-चार नव्या सुना. किसनराव नाव घालायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "मुलीचं नाव काय?" किसनराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "किसन तुकाराम वानखडे." पोरींनी पदर तोंडात कोंबले. पण आठवडाभरात त्याच पोरी त्यांना 'काका' म्हणून आपल्या वह्या दाखवायला लागल्या, कारण पट्टीनं सरळ रेघ मारणारा वर्गात तो एकच इसम होता.

बाईंकडे एक विलायती पुस्तक होतं. त्यात प्रत्येक दिवाणखान्यात एक शेकोटी, आणि सगळ्या खुर्च्या तिच्याकडे तोंड करून. बाई म्हणाल्या, खोलीला एक केंद्रबिंदू हवा. किसनरावांनी हात वर केला. "बाई, आमच्या अमरावतीत मे महिन्यात शेकोटीपुढं कोन बसन? मढं पन उठून जाईन." बाईही हसल्या. म्हणाल्या, आपल्याकडे माणूस आत आल्यावर त्याचा डोळा जिथं जातो, तो केंद्रबिंदू.

त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला. ताटात भाकरी आणि मधोमध ठेचा बघून म्हणायचे, "याले म्हनते केंद्रबिंदू." कचेरीत साहेबांचं टेबल खिडकीकडून काढून मधोमध आणायला निघाले होते. साहेब डाफरले म्हणून वाचलो, नाहीतर ते उचलायलाही मीच होतो.

उन्हाळ्यात रंगाचा धडा झाला. काही रंग गरम, काही थंड. वऱ्हाडच्या माणसाला थंड रंग म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? त्यांनी चुन्यात नीळ कालवली, ती जरा जास्तच पडली, आणि खोली निळीशार झाली. थंडावा काही आला नाही. पण भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाची पाठ निळी व्हायची. कचेरीत काल संध्याकाळी कोण किसनरावांकडे चहाला गेला होता, हे सदऱ्यावरून कळायचं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्याकडे सागवानी अल्मारी होती. कुठल्याशा कापसाच्या जिनिंगच्या लिलावात घेतलेली, हत्तीच्या वजनाची. दर रविवारी सकाळी भिंतीवर थाप पडायची. "भाऊ, जरासा हात लावा लागते!" मी सहा दिवस वाट पाहिलेला रविवार. धोतर खोचून निघायचो. ही अल्मारी पूर्वेकडून पश्चिमेकडे, पश्चिमेकडून परत पूर्वेकडे. माझी कंबर तेव्हापासून जी धरली, ती आजतागायत सुटलेली नाही. वेणूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "भाऊजी, कायले ऐकता त्यायचं? मले तं मीठच सापडत नाई आजकाल."

पण मी जायचो, कारण रविवारीच का, हे मला माहीत होतं.

रविवारी वलगावहून त्यांची माय यायची. सखूबाई नाव. अंगानं काटकुळी, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, त्यात मुलासाठी आंबाडीची भाजी नाहीतर तुरीच्या शेंगा. यायची आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसायची. आत यायची नाही. "आतमंधी ये ना माय," म्हटलं की म्हणायची, "बरं हाये बाबू अठी, हवा लागते." हवा कसली, झळा लागायच्या! तिथंच चहा प्यायची. मग उठून, बाहेरच्या रांजणातलं पाणी घेऊन कपबशी स्वतः विसळायची आणि बाहेरच्या कठड्यावर पालथी घालायची. पोटच्या पोराच्या घरी.

वलगावला तिचा जन्म दुसऱ्यांच्या दारात गेला. दळण, निंदण, शेणगोठा, सगळं केलं. चहा मिळायचा तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात, वरून ओतलेला. पिऊन झाला की आपणच विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. आमचं सगळ्यांचं तेच होतं, मी काही वेगळं सांगत नाही. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. सखूबाईनं देव पाण्यात सोडले, उपासतापास सोडले, गळ्यातला ताईतसुद्धा काढून टाकला. पायरी मात्र तिला सोडता आली नाही. माझी आई मला क्वार्टर मिळायच्या आधीच गेली. त्यामुळं रविवारी त्या माउलीला पायरीवर बघितलं की मला किसनरावांचा हेवा वाटायचा.

वलगावात ती म्हातारी एकटी राहायची. नजर कमी झालेली, एकदा चुलीपाशी लुगडं पेटता पेटता वाचलं. किसनरावांना तिला इथं आणायचं होतं. पण जी बाई उंबरा ओलांडत नाही, ती राहायला कशी येणार? त्यासाठी तो वर्ग होता. त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं की माय आत येत नाही, कारण खोलीची मांडणी चुकते.

मी एकदा स्पष्ट सांगितलं, "किसनराव, बुढी तुमच्या खुर्चीले भेत नाही, उंबऱ्याले भेते. अल्मारी हलवून काय होईन?"

ते अल्मारीवर तळवा ठेवून म्हणाले, "नाही भाऊ. बाईनं सांगतलं हाये. मांडनी बराबर असली, तं पाहुना आपसूक आत येते. अठी कुठंतरी डोळा अडकून राहिला मायचा." आणि लगेच वाकून, "धरा तिकून."

कधी म्हणायचे, समोर अल्मारी दिसते म्हणून माय बुजते. कधी म्हणायचे, खुर्च्या उंच आहेत, आयुष्यभर जमिनीवर बसलेली बाई उंचावर कशी बसेल? मग त्यांनी करवत आणून एका खुर्चीचे पाय कापले. ती खुर्ची इतकी बुटकी झाली की मी एकदा बसलो तर वेणूबाई आणि किसनराव दोघांनी मिळून मला वर ओढलं. माय पायरीवरूनच हसली. म्हणाली, "शिकून राहिला ना बाबू? शीक. माहा किसन कधी नापास नाई झाला." हे ती बाजारात, मोटारीत, रस्त्यात भेटेल त्याला सांगायची. दुसऱ्यांची अंगणं झाडून तिनं त्याला मॅट्रिक केलं होतं. तिच्याकडे अभिमानाची म्हणून ती एकच गोष्ट होती.

परीक्षा आली. प्रत्येकानं आपली एक खोली मांडून दाखवायची, आणि बाई अकोल्याहून आलेल्या परीक्षकांना घेऊन घरोघरी जाणार. किसनरावांकडे यायचा दिवस निघाला रविवार.

त्या दिवशी भिंतीवर थाप पडली नाही. मलाच चैन पडेना, म्हणून गेलो. अल्मारी भिंतीला, पडदे धुतलेले, कोपऱ्यात बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं शेवंतीची फुलं. पण सगळ्या खुर्च्या, ती बुटकीसुद्धा, दाराकडे तोंड करून. दारात, पायरीवर, माय चहा पीत बसली होती.

"किसनराव, हे काय? नाटक बघायला बसायचं का सगळ्यांनी?"

त्यांनी एक खुर्ची आणखी जराशी दाराकडे वळवली. त्यांचा चेहरा दमलेला दिसत होता. वर्षभरात मी त्यांना दमलेलं कधी बघितलं नव्हतं, दमायचं खातं माझ्याकडे होतं.

रिक्षा आली. परीक्षक उन्हानं त्रासलेले, पायरीवरच्या म्हातारीला वळसा घालून आत शिरले. बाई थांबल्या. "आजी, आत या ना."

"बरं हाये बाई अठी."

परीक्षकांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीला टेकले, पाठ निळी करून घेतली. म्हणाले, "ही बैठक आहे की तमाशाचा तंबू? बैठकीत माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात. सगळी मांडणी दाराकडे! तुमचा केंद्रबिंदू आहे कुठं?"

किसनरावांनी दाराकडे हात केला. "थो पायरीवर बसला हाये साहेब. वर्षभर खोली हालवून पायली. थो आत येत नाही. मंग म्या खोलीच त्याच्याकडे फिरवली."

बाईंनी पायरीकडे बघितलं आणि खाली मान घातली. परीक्षक म्हणाले, केंद्रबिंदू खोलीच्या बाहेर असल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही, गुण देता येणार नाहीत. बाई हळू आवाजात काही सांगायला गेल्या, पण ते तोवर रिक्षात बसले होते, आणखी तीन घरं बाकी होती.

माय कप विसळत होती. "काय म्हने रे थो मानूस?"

"काई नाई माय."

"काय म्हने?"

"नापास म्हने."

तिच्या हातातलं पाणी तसंच सांडत राहिलं. "तू? कावून?"

किसनरावांनी हातातली खुर्ची उगाच सरकवली. वेणूबाई दाराआड सरकल्या. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "काकू, तुमी आत बसत नाई म्हनून."

"माह्यापायी?"

ती कठड्याजवळ उभी राहिली. कप पालथा घालायला हात गेला, आणि परत आला. मग ओला कप तसाच हातात घेऊन तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला, भिंत धरली, आणि आत आली. सरळ त्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसली. पाय जमिनीला बरोबर टेकले.

"बसली," ती म्हणाली. "आता पास करा म्हना. बलाव त्यायले!"

मी माझी कंबर घेऊन चौकापर्यंत धावलो. रिक्षा केव्हाच गेली होती. परत येऊन सांगितलं, गेले, आता पुढल्या खेपेला येतील.

"येऊ दे," माय म्हणाली. "तवापर्यंत मी उठतच नाई अठून. माहा लेक नापास म्हंजे काय!"

वेणूबाईंनी तिच्या हातातला कप घेतला आणि आत फळीवर आपल्या कपांशेजारी ठेवला. किसनराव तोंड फिरवून पडद्याची सुरकुती नीट करत राहिले. पडद्याला सुरकुती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीच वलगावला जाऊन तिचं बोचकं घेऊन आलो.

पुढं बाईंचा निरोप आला, फेरपरीक्षा आहे, या वेळी परीक्षक दुसरे आहेत, वानखड्यांनी जरूर बसावं. मी आनंदानं सांगायला गेलो. किसनरावांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. "हळू बोला भाऊ. मी नाई बसत परीक्षेले."

"अहो, का?"

"पास झालो तं माय उठून वलगावले निंगून जाईन."

ते पायरीवर बसले, मायच्या जुन्या जागी, आत तोंड करून. मीही शेजारी टेकलो. ऊन होतं, झळा होत्या. आत म्हातारी बुटक्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. अल्मारी होती तिथंच होती. तिनं वर बघून विचारलं, "कवा येतीन रे बाबू ते परीक्षावाले?"

"येतीन माय," किसनराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात येतीन. तू बस."