अक्काची गोगलगाय

माझे दाजी दगड चाटतात. रस्त्यात, लग्नात, एकदा तर मयतीच्या गर्दीतही. खाली वाकायचं, दगड उचलायचा, सदऱ्याला पुसायचा आणि जिभेचं टोक लावायचं. कुणी तोंड वाकडं केलं तर म्हणतात, "वल्ला केल्याबिगर दगड बोलत न्हाई."

नोकरीभर ते नेवाशाकडच्या कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडता सोडता खोदकामातले दगड गोळा करायचे. आदिमानवाची हत्यारं म्हणे. घरात कोठीत दगड आणि धान्य बाहेर पोत्यात.

मी घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार करतो. शून्यातून उभा केलाय. दात बघून जनावराचं वय सांगतो. एकदा म्हणालो, "दाजी, मी म्हस घेताना चाटत न्हाई."

"म्हनून तर फसतो."

त्याच आठवड्यात मी एका म्हशीत फसलो होतो, म्हणून जास्तच झोंबलं.

पण माझा खरा राग निराळा. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओढ्यावर धुणं धुताना तिला एक गारगोटी सापडली. धावत घेऊन आली. "अवो, ह्यात गोगलगाय हाय!"

दाजी चारचौघांत हसले. "आपल्याकडचा दगूड लाव्ह्याचा. आगीत गोगलगाय जगती व्हय? नक्षी हाय ती."

मी तिथंच बसलो होतो.  अक्का त्या दगडानं न्हाणीत टाचा घासू लागली, ती शेवटपर्यंत.

अक्का गेली. वर्षश्राद्धाला गेलो तर दाजी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेले, हातात तोच दगड. इतक्या वर्षांत त्यांनी हा एकच चाटला नव्हता.

"साबनाची चव लागती रं, बाळू," म्हणाले. मग दगड उजेडाकडं धरून, "गोगलगाय दिसती. मला नगरला ने."

टेम्पोतून नेलं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी दगड भिंगाखाली धरला. दाजी हात बांधून उभे. आयुष्यभर दगडांवर हुकूम चालवणारा माणूस, ओठ कोरडे पडलेले.

"गोगलगायच आहे," बाई म्हणाल्या. "लाव्ह्याचा एक थर थंड झाला की त्यावर तळी व्हायची. त्या तळ्यातली ही. गाळाची गारगोटी झाली, ती आतच राहिली. फार पुढे माणूस आला, त्यानं त्याच गारगोटीचं खरवडायचं हत्यार घडवलं. ही धार बघा. असं क्वचित मिळतं. आम्हाला ठेवायला द्याल?"

"माजी वस्तू न्हाई," दाजी म्हणाले. "हा तिचा भाऊ. ह्याला इचारा."

समोरच्याच्या पहिल्या बोलीला मी जन्मात हो म्हटलेलं नाही. "देतो," म्हणालो, "पण चिठ्ठीवर अक्काचं नाव पायजे. ह्यांचं न्हाई."

बाई लिहू लागल्या. दाजी पुढं झुकले. "नुसतं सापडलं म्हनू नका, बाई. वळखलं बी तिनंच. मी न्हाई म्हनत हुतो."

बाहेर येऊन टेम्पोत बसलो. दाजी समोरच्या काचेकडं बघत होते.

"तवा हसलो ना मी," म्हणाले, "तवापासून तिनं मला कायबी आनून दाखिवलं न्हाई."

हेच त्यांना एक दिवस सुनवायचं म्हणून मी इतकी वर्षं शब्द जुळवून ठेवले होते. किल्ली तशीच हातात धरून बसून राहिलो.