नागरिक म्हणून, चुलता म्हणून

नाना गेले तो बुधवार होता. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात युरोच्या तुलनेत रुपया वधारल्याची बातमी होती.

ही दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय नानांचं काहीच सांगता येणार नाही.

नाना माझे चुलते. कळंबच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर ‘राहून गेलं’ एवढंच म्हणायचे. माझे आई-वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून मी नानांकडे वाढले. पुढं मला जुनी पुस्तकं दुरुस्त करण्याचं शिक्षण घ्यायला जर्मनीला जायचं होतं. “फाटकी पुस्तकं शिवायला एवढ्या लांब?” असं कळंबात बऱ्याच जणांनी विचारलं. नानांनी विचारलं नाही. शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर त्यांनी सहकर्जदार म्हणून सही केली आणि सहीखाली ‘बी. ए., बी. एड.’ असं लिहिलं. त्याची गरज नाही, असं कारकुनानं सांगितल्यावर म्हणाले, “सही करणारा माणूस कोण आहे, ते कळू द्या की बँकेला.”

शिक्षण संपलं, तिकडंच एका ग्रंथालयात नोकरी लागली आणि हप्ते सुरू झाले. पगार युरोत आणि कर्ज रुपयांत. म्हणजे रुपया जितका पडेल तितका हप्ता मला स्वस्त. हे नानांच्या ध्यानात आलं आणि त्यांच्या जिवाला घोर लागला.

कारण दर पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण करणारा हा माणूस. ‘रुपया म्हणजे देशाची नाडी’ हे वाक्य त्यांनी कितीतरी वर्गांकडून पाठ करून घेतलेलं. आता तेच नाना रोज सकाळी एसटी स्टँडसमोर गफूरभाईंच्या हॉटेलात वर्तमानपत्राचं आतलं पान उघडून नाडी मंद होण्याची वाट पाहत बसायचे. रुपया पडलेला दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते इकडंतिकडं बघायचे आणि चेहरा पूर्ववत करायचे.

“नागरिक म्हणून वाईट वाटतं,” ते म्हणायचे. “चुलता म्हणून बरं वाटतं.”

यावर त्यांनी स्वतःच एक प्रायश्चित्त ठरवलं. ज्या दिवशी रुपया पडल्याचं छापून येईल, त्या दिवशी चहा घ्यायचा नाही. नानांना दिवसाला चार कप लागायचे. गफूरभाईंना हा प्रकार पसंत नव्हता.

“मास्तर, रुपया पडला तर तुमच्या पोरीचा फायदाच हाय न्हवं?”

“फायदा घरचा, नुकसान देशाचं. चुलत्यानं मजा केली, नागरिकानं भरपाई द्यायची.”

“आन् ती भरपाई माझ्या गल्ल्यातून व्हय?”

एकदा रुपया आठवडाभर घसरतच राहिला. नाना डोकं धरून बसलेले पाहून गफूरभाईंनी त्यांच्यापुढं गरम दूध ठेवलं आणि विचारलं, “नागरिकाला दूध चालतं का?”

नानांनी बराच विचार केला. “दुधाबद्दल काही ठरलेलं न्हाय,” म्हणाले आणि प्याले.

वर्तमानपत्रातला भाव आदल्या दिवसाचा असतो, आजचा भाव मोबाइलवर दिसतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. पण छापून न आलेल्या भावाला ते अफवा म्हणत. एका महिन्यात त्यांनी मला फोन केला. “आज पाठवू नको, माय. आणखी दोन दिवस थांब. लई घसरायलाय.” मी थांबले. रुपया सावरला, हप्त्याची तारीख उलटली आणि बँकेनं सहकर्जदाराला फोन केला.

नाना इस्त्रीचे कपडे घालून बँकेत गेले आणि मॅनेजरसाहेबांपुढं अर्ज ठेवला. उशिरा येणाऱ्या मुलांच्या पालकांचे अर्ज त्यांनी आयुष्यभर वाचले होते. हा त्याच चालीवरचा होता. ‘माझी पाल्य हिचा हप्ता घरगुती अडचणीमुळे वेळेवर हजर राहू शकला नाही, तरी क्षमा असावी.’

साहेबांनी अर्ज वाचला. “घरगुती अडचण काय होती, गुरुजी?”

“मीच,” नाना म्हणाले.

जर्मनीला जाताना मी त्यांना सांगितलं होतं, कर्ज फिटलं की येते. ते मी सहज बोलले होते की मनापासून, हे आता मला नीट आठवत नाही. नानांनी मात्र ते धरून ठेवलं होतं. रुपया पडावा असं त्यांना माझ्या पैशांसाठी वाटतं, अशी माझी समजूत होती.

शेवटचा हप्ता गेल्यावर नानांनी बँकेतून बेबाकी आणली. बेबाकी म्हणजे आता काही देणं उरलं नाही, असा दाखला. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो मला दाखवला. उलटा धरला होता. मग विचारलं, “आता?”

मी म्हणाले, भिजलेल्या पुस्तकांचं मोठं काम आलंय, अजून एक वर्ष थांबते.

“नागरिक म्हणून तुला अडवता येत न्हाय,” नाना म्हणाले.

मी उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट पाहिली. “चहा निवायलाय,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. दुसरा अर्धा भाग मी पुढंही कधी विचारला नाही. एका वर्षाची तीन वर्षं झाली.

तेराव्यानंतर मी गफूरभाईंच्या हॉटेलात गेले. त्यांनी न विचारता चहा ठेवला. रुपया पडला की नाना शेवटपर्यंत चहा सोडत होते का, असं मी विचारलं.

“न्हाय, बेटा. ती बेबाकी आली तवापासून बंद केलं. मग उलटंच सुरू झालं. रुपया चढला की दोन चहा सांगायचे. एक त्यांना, एक मला.”

“ते का?”

गफूरभाईंनी फडक्यानं टेबल पुसलं. “म्हणायचे, रुपया चढला की तिकडच्या पगाराची हितं किंमत कमी होती. असाच चढत ऱ्हायला तर पोरगी म्हणंल, आपलं कळंबच बरं. म्हणायचे, गफूर, आता नागरिक आन् चुलता एक झाले बघ. भांडण मिटलं.”

मी चहा प्याले. मग विचारलं, “बुधवारी?”

“बुधवारीबी दोनच सांगितले,” गफूरभाई म्हणाले.

सुट्टी संपल्यावर मी जर्मनीला परत आले. बेबाकी इकडं माझ्या फायलीत आहे. कळंबच्या घराला कुलूप आहे, किल्ली गफूरभाईंकडे आहे. मी अजून त्याच ग्रंथालयात नोकरी करते.