पंच क्रमांक दोन

न्याय ही प्रत्येकाला हवी असलेली, पण शेजाऱ्याने जाऊन आणावी अशी वस्तू आहे. फार पूर्वी आपल्याकडे कोर्टात ज्युरी बसत असे, म्हणजे साध्या माणसांना बोलावून दोषी कोण ते विचारत. ती पद्धत बंद झाली आणि साध्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सरकारने त्यांचा मान अगदीच काढून घेतला नाही. पोलिसांनी कुठे झडती घेतली, चोरीचा माल काढला, तर त्या भागातले दोन 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी तिथे हजर पाहिजेत, त्यांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पंचनाम्यावर सही केली पाहिजे, असा नियम आहे. या दोघांना पंच म्हणतात. (पाचाचे दोन कधी झाले याची नोंद सापडत नाही. उरलेले तिघे हिमायतनगरला गेले असावेत. का, ते पुढे येईलच.)

मुखेडच्या बाजूला एक बाजाराचं गाव आहे. त्या गावात कमानवेस नावाची गल्ली आहे आणि तिथे प्रतिष्ठेची टंचाई नाही. कमानीवर एक मोठा बॅनर बारमाही असतो. वाढदिवस बदलतात, चेहरे तेच राहतात. सध्याचा बॅनर मोबाइल दुकानवाल्या सुदर्शनच्या वाढदिवसाचा आहे. त्यावर 'शुभेच्छुक : समस्त प्रतिष्ठित नागरिक' या मथळ्याखाली छत्तीस फोटो आहेत. पहिला फोटो आप्पासाहेबांचा. आप्पासाहेबांची ऐंशी एकर जमीन आहे, खताचं दुकान आहे, आणि गावात ज्या कशाला अध्यक्ष लागतो त्याचे ते अध्यक्ष आहेत. सतरावा फोटो मकबूलभाई गादीवाल्यांचा. तो शाळेच्या कार्यक्रमातून कापून घेतल्यामुळे त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे.

अशा या गल्लीत पोलीस पंच शोधायला आले की मात्र वेगळंच वारं सुटतं. 'कमानवेस एकता मंच' या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकतं. फूल पडल्यापासून साडेतीन मिनिटांत सगळी शटरं कमरेपर्यंत खाली येतात. अर्ध्या शटरचा अर्थ असा, की दुकान चालू आहे पण मालक प्रतिष्ठित नाही. आगीचा बंब अजून एकदाही चाळीस मिनिटांच्या आत आलेला नाही, हे लक्षात घेतलं तर गल्लीची ही शिस्त कौतुकास्पद आहे.

हवालदार चंद्रप्पा देगलूरकडचे. शांत माणूस. पंच व्हायला नकार दिला तर तो गुन्हा होतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या पंचनाम्याला परत पंच लागतील या भीतीने ते गप्प बसतात आणि डायरीत फक्त कारण लिहून घेतात. पाच वर्षांत त्यांनी एकूण एकेचाळीस कारणं लिहिली. कंबरदुखी नऊ. उपास किंवा रोजा सहा. चष्मा घरी राहिला, पाच. 'आत्ता इथंच होते', चार (हे कारण स्वतः देता येत नाही, घरातल्या बाईने द्यावं लागतं). आणि मयत, सतरा. या सतरांपैकी अकरा मयती एकट्या मकबूलभाईंच्या होत्या, आणि अकराही वेळा मेलेला माणूस एकच होता. हिमायतनगरचे मुज्तबामामू.

हिमायतनगर निवडण्यात मकबूलभाईंची दूरदृष्टी होती. ते जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नांदेडला एसटी बदलावी लागते, जाऊन यायला दोन दिवस जातात, आणि खात्री करायला एवढ्या लांब कोण जातं? पहिल्या वेळी चंद्रप्पा म्हणाले, वाईट झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी मामूंचं वय विचारलं. सातव्या वेळी सांगता सांगता मकबूलभाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, कारण मामूंनी त्यांना लहानपणी कडेवर घेऊन उरूस दाखवला होता आणि त्यांना भेटून बरीच वर्षं झाली होती. पुढे मामू गल्लीच्याही उपयोगी पडू लागले. ज्याला स्वतःचं कुणी मारवत नसे तो मकबूलभाईंच्याच मयतीला सोबत म्हणून जाई, आणि डायरीत दोघांत मिळून नोंद एकच होई.

लोक पंच व्हायला का भितात, हेही सांगायला हवं, नाहीतर गल्लीवर अन्याय होईल. गल्लीतला बसवराज न्हावी एकदा भोळेपणाने पंच झाला होता. प्रकरण शेळीचं. नऊ वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. शेळी पांढरी होती आणि ठिपके काळे, की शेळी काळी आणि ठिपके पांढरे, असं वकिलांनी विचारलं. बसवराज म्हणाला, शेळी होती. यावरून तो खोटं बोलतो हे सिद्ध झालं. तोवर शेळीचा मालक वारला होता आणि आरोपीने बसवराजला बाहेर चहा पाजला. बसवराजने आता मुरुडला दुकान टाकलं आहे. तिथे त्याला कुणी प्रतिष्ठित म्हणून ओळखत नाही आणि तो सुखात आहे.

तर एके दिवशी मकबूलभाईंच्याच दुकानाचं कुलूप तुटलं आणि कापूस पिंजायच्या मशीनची मोटर गेली. हिरव्या रंगाची, एका पायाला वेल्डिंग केलेली, आणि वर तूबाने लहानपणी चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर. तूबा म्हणजे त्यांची मुलगी. तिचा निकाह बारा दिवसांवर आला होता. सासरी न्यायच्या गाद्यांचा कापूस दुकानात ढिगाने पडून होता आणि तो पिंजायला मोटर नव्हती. तीस वर्षं मकबूलभाईंनी सगळ्या गावाच्या लेकींना गाद्या भरून दिल्या. आता गादीवाल्याची मुलगी सासरी बाजारच्या फोमवर झोपणार, या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं. त्यांची बायको शहजादी हेच वाक्य दिवसातून चार वेळा म्हणत होती.

चौथ्या दिवशी चोर सापडला. ओढ्याकाठच्या पडक्या पंपघरात मोटर पुरली आहे, दाखवतो, असं तो म्हणाला. आता फक्त दोन पंच घेऊन जायचं, त्यांच्यासमोर मोटर काढायची, सह्या घ्यायच्या. आरोपीची कोठडी त्या दिवशी पाचला संपत होती. सरकारी कर्मचारी पंच म्हणून मिळावेत असं पत्र गेलं होतं, पण सगळे कर्मचारी कसल्यातरी मोजणीला गेले होते. (काय मोजतात ते विचारलं तर, घरात किती माणसं हजर आहेत ते.) दुपारी अडीचला चंद्रप्पा जीप घेऊन कमानवेशीत आले.

मकबूलभाईंच्या खिशातल्या फोनवर गुलाबाचं फूल पडलं. त्यांचा हात सवयीने शटरकडे गेला आणि तिथेच थांबला.

चंद्रप्पांनी या वेळी पद्धतशीर काम केलं. कमानीखाली उभं राहून त्यांनी बॅनरवरची नावं एकेक करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिले आप्पासाहेब. ते खताच्या पोत्यांमागून म्हणाले की माझी कसली आलीय प्रतिष्ठा, लोक प्रेमापोटी फोटो लावतात, मी नको म्हणत असतो. दुसऱ्याने फोटो जुना असल्याचं निदर्शनास आणलं. नवव्याने बॅनरमधून नाव वगळावं असा तोंडी अर्ज केला. अर्ध्या तासात पस्तीस जणांनी प्रतिष्ठेचा राजीनामा दिला. इतक्या कमी वेळात इतक्या लोकांनी मान सोडल्याचं दुसरं उदाहरण जिल्ह्यात नसेल. उरलेले एकटे मकबूलभाई स्वतः, पण ते फिर्यादी. त्यांना पंच होता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना व्हायचं होतं.

शेवटी चंद्रप्पा आणि मकबूलभाई सुदर्शनच्या दारात उभे राहिले. आतून सुदर्शनच्या फोनची रिंग ऐकू येत होती. त्याची बायको मनिषा बाहेर आली.

"ते न्हाईत घरी. हिमायतनगरला गेलेत. मकबूलभाईंचे मामू वारले न्हवं का."

चंद्रप्पांनी डायरी उघडली आणि मकबूलभाईंकडे पाहिलं. मकबूलभाईंच्या लक्षात सगळं एकदम आलं. मामू जिवंत आहेत म्हणावं, तर पोलिसांना अकरा वेळा खोटं सांगितल्याची कबुली होते. वारले म्हणावं, तर मोटर जाते. आणि मामू या क्षणी समोरच्या दुकानात, कापसाच्या ढिगाला टेकून चहा पीत बसले होते. तूबाच्या निकाहसाठी म्हणून ते बारा दिवस आधीच आले होते, वयामुळे पुन्हा प्रवास झेपेल न झेपेल म्हणून.

"हाव," मकबूलभाई म्हणाले. "लई वाईट झालं."

मामूंना कमी ऐकू येतं अशी सगळ्यांची समजूत होती. त्यांनी कप खाली ठेवला, काठी घेतली आणि रस्ता ओलांडून आले. काय अडलंय ते त्यांनी चंद्रप्पांना विचारलं आणि ऐकून घेतल्यावर म्हणाले, त्यात काय, मी येतो. चंद्रप्पांनी नाव विचारलं. नाव ऐकून त्यांनी डायरीची मागची पानं चाळली. मग अत्यंत आदराने त्यांनी तीन अडचणी सांगितल्या. एक, पंच इथला रहिवासी पाहिजे. दोन, तो फिर्यादीचा नातेवाईक नसावा. तीन, आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे आपण अकरा वेळा मयत आहात आणि बाराव्याची नोंद आत्ताच चालू आहे.

मामू काठी टेकत मकबूलभाईंकडे वळले.

"अकरा वेळा माझ्या मिट्टीला गेलास म्हण की रे मकबूल," ते म्हणाले. "जिता हाय तवर एकदाबी आला न्हाईस."

मकबूलभाईंना फार लाज वाटली. इथे कुठलीही आकडेवारी देता येणार नाही.

कमानीच्या पायाशी केवळाबाई मेथी घेऊन बसतात. शेत स्वतःचं, मेथी स्वतःची. बॅनरवर त्यांचा फोटो नाही, कारण बॅनर त्यांच्या डोक्यावर आहे आणि वर बघायला त्यांना फुरसत नसते. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी येते. पर मेथीपाशी कोन बसंल?"

चंद्रप्पा घोटाळले. केवळाबाई स्वतंत्र होत्या यात वाद नव्हता, पण प्रतिष्ठित आहेत की नाहीत? हरकत घ्यायला कुणी प्रतिष्ठित मागे उरलेला नसल्याने त्यांनी पंच क्रमांक एक असं लिहून टाकलं. मेथीपाशी मामू बसले.

आता पावणेचार झाले आहेत. जीप कमानीखाली चालू स्थितीत उभी आहे. मागे आरोपी बसला आहे आणि तो एकटाच वेळेवर आला आहे. केवळाबाई पुढे बसल्या आहेत. मकबूलभाई शेवटच्या दारावरून परत येऊन रस्त्यात उभे आहेत आणि जो दिसेल त्याच्या तोंडाकडे बघत आहेत. पंच क्रमांक दोनसमोरची ओळ कोरी आहे.

अशा वेळी तुमची आठवण होणं साहजिक आहे. तुमचं मकबूलभाईंशी नातं नाही, म्हणजे तुम्ही स्वतंत्र आहात. पुस्तकं वाचता, म्हणजे प्रतिष्ठित आहात. चष्मा घरी राहिला म्हणता येणार नाही, कारण इथवर वाचलंत. मोटर हिरवी, एका पायाला वेल्डिंग, वर फुलपाखरू, हे तुम्हाला पाठ झालं आहे. गल्लीतल्या पस्तीस जणांना तुम्ही आत्तापर्यंत मनसोक्त हसलात, म्हणजे तुम्ही त्यांच्यातले नक्कीच नाही. समन्स येईल, पण ते नऊ वर्षांनी.

जीपमध्ये जागा आहे. चंद्रप्पा डायरी उघडून तुमच्यासाठी थांबले आहेत. कारणाचा रकाना त्यांनी आधीच आखून ठेवला आहे. तेवढं हिमायतनगर सांगू नका. मामू इथेच बसले आहेत, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत, आणि ते तुमच्याकडेच बघत आहेत.