चंद्रीचा अतिदुग्ध विकार

सरकारने १९८४ साली म्हशींच्या प्रकृतीवर देखरेख ठेवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या भागातल्या म्हशी ठणठणीत होत्या. योजनेतला हा मूळ दोष पुढे दूर करण्यात आला.

योजनेचा लेखनिक मी. घर बेळगावात अनगोळला, नेमणूक निपाणीला. आमचे निरीक्षक हुक्केरी साहेब. त्यांच्याकडे कानात ठोकायचे पितळी बिल्ले होते, म्हशीला लावायचा थर्मामीटर होता आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसावं लागे असं एक परदेशी दूधमापक यंत्र होतं. कासेला नळ्या लावल्या की काटा फिरे आणि दूध किती ते दाखवी. साहेब त्याला रोज सकाळी पिवळ्या फडक्याने पुसत. घरच्या माणसांशी ते इतक्या हळुवारपणे वागत नसावेत.

पहिलं गाव निवडलं संकेश्वरच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं माळवाडी. पहिली पायरी होती मालकाचं निवेदन. मी प्रत्येक दारात जाऊन विचारायचं की म्हैस रोज किती दूध देते, उत्तर लिहायचं आणि खाली अंगठा घ्यायचा.

आता माळवाडीत दुधाचा आकडा कोणी मोठ्याने सांगत नाही. दृष्ट लागते. धार काढून आलेली बाई चरवी पदराखाली धरून घरात शिरते, आणि शेजारणीने विचारलं तर अर्ध्याहून कमी सांगते. शेजारीणही ते खरं धरत नाही, मनातल्या मनात दुप्पट करून घेते. असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला होता. मात्र आमच्या अर्जात मनातल्या मनात करण्यासाठी रकाना नव्हता.

"किती देते?" मी तानीबाईला विचारलं. तिच्या म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, अंग तेल लावल्यासारखं.

"कुठलं दूध सायेब?" तानीबाई चरवी पदराखाली सरकवत म्हणाली. "रेडकालाच पुरत न्हाय. अर्धा लिटर निघालं तर निघालं."

पदराखालून फेस ओघळत होता. मी वळणदार अक्षरात लिहिलं, अर्धा लिटर. अंगठा घेतला. गावच्या सगळ्याच म्हशी अर्धा लिटरवाल्या निघाल्या. परशराम नावाच्या एका गृहस्थाने तर आपली म्हैस दूधच देत नाही, केवळ सवय म्हणून पाळली आहे, असं निवेदन दिलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. ते प्रथम चंद्रीलाच लावलं. ती यंत्राला घाबरली, पण तानीबाईने पाठीवर हात ठेवून "माझी बाय गं" म्हटल्यावर तिने पान्हा सोडला. काटा सातवर जाऊन थांबला.

हुक्केरी साहेबांनी काटा पाहिला, अर्ज पाहिला आणि खुर्ची मागवली.

"निवेदन अर्धा, यंत्र सात," ते म्हणाले. "ह्यात चुकी कुणाची रीऽ?"

"निवेदन चुकलं असेल, साहेब," मी धीर करून म्हणालो.

"त्याच्यावर अंगठा आहे. पोलीस पाटलाची साक्ष आहे. ते चुकीचं म्हटलं तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा होतो. आणि तुमचं अक्षर आहे त्यावर."

माझं अक्षर मधे आल्यावर मी विचार बदलला. यंत्र चुकण्याचा प्रश्न नव्हता. ते चुकत नसल्याचं प्रमाणपत्र त्याच्याबरोबर पेटीतूनच आलं होतं. राहता राहिली म्हैस. तिचा अंगठा नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं, आणि ती शेपटीने माशा हाकलत निष्काळजीपणे उभी होती.

साहेबांनी निदान सांगितलं आणि मी लिहिलं: जनावर प्रमाणित क्षमतेच्या चौदापट दूध देत असून, सबब अतिदुग्ध विकाराने ग्रस्त आहे. विकार पसरू नये म्हणून रुग्णास निपाणी येथील निरीक्षण केंद्रात हलवावे.

टेम्पो आला तेव्हा अख्खं गाव जमलं. तानीबाईचा नवरा मायाप्पा टेम्पोसमोर उभा राहिला आणि साहेबांनी सरकारी कामातल्या अडथळ्याचं कलम सांगताच बाजूला झाला. गोठ्यात रेडकू ओरडत होतं. आणि मग तानीबाईने असं काही केलं, जे माळवाडीत कोणत्याच बाईने केलं नव्हतं. चारचौघींच्या देखत, गुणाबाईसारखी करड्या नजरेची शेजारीण तीन हातांवर उभी असताना, ती ओरडून म्हणाली,

"सात लिटर देती माझी म्हस! सणाच्या दिवसांत आठ बी देती! मी खोटं बोलले सायेब. नजर लागंल म्हणून बोलले. माझी चंद्री आजारी न्हाय!"

गुणाबाईने घाईघाईने बोटं मोडली आणि थू थू केलं. मला तानीबाईची फार दया आली. माझं अक्षर नसतं तर मी नक्की काहीतरी बोललो असतो.

साहेब समजुतीने म्हणाले, "जनावरावर जीव असला की माणूस असंच बोलतंय बाई. पण मायेपोटी केलेलं निवेदन आम्हाला चालत नाही. आधीचं तुम्ही शांत डोक्याने केलंय."

निरीक्षण केंद्र म्हणजे भाड्याने घेतलेली तंबाखूची रिकामी वखार. चंद्री तिथे दिवसभर शिंकायची. शिंकांसाठी मी वेगळी वही घातली. पहिल्या दिवशी यंत्राने चार लिटर दाखवले, दुसऱ्या दिवशी तीन. भिंतीवरच्या आलेखातली रेघ उतरू लागली आणि साहेबांचा चेहरा उजळला. "गुण येतोय," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी तानीबाई एसटीने आली. तिने कुंपणाबाहेरून नुसती हाक मारली आणि त्या संध्याकाळी काटा पुन्हा पाचवर गेला.

"विकार उलटला रीऽ!" साहेब हबकले. मी फळा रंगवून कुंपणावर लावला, 'मालकास प्रवेश बंद'. तानीबाईला वाचता येत नव्हतं. ती तिथेच फळ्याला टेकून बसली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. असं ती बारा दिवस करत होती, पण आता तिने तोंडातून शब्द काढू नये अशी लेखी ताकीद होती.

सतराव्या दिवशी चंद्रीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि काटा बरोबर अर्ध्यावर आला. निवेदन आणि यंत्र एक झाले. साहेबांनी मला पेढा दिला. वरिष्ठ बेळगावहून खास आलेख बघायला आले, आणि चंद्रीला पूर्ण निरोगी असल्याचा दाखला मिळाला. टेम्पोतून उतरताना तिला उभं राहता येईना. मायाप्पा आणि परशरामने तिला दोन्ही बाजूंनी धरून गोठ्यात नेलं.

महिनाभरात तानीबाईने तिला पुन्हा आजारी केलं. आता ती सहा लिटर देते, पण हे तुमच्या-माझ्यात. तपासणीच्या दिवशी माळवाडीतल्या साऱ्या बायका पहाटेच दूध काढून घेतात, कासेत अर्धा लिटर तेवढं शिल्लक ठेवतात. इतका अचूक अंदाज यंत्रालाही जमत नाही. गावात एकही रुग्ण उरला नाही. आमच्या योजनेला राज्यात दुसरा क्रमांक मिळाला.

पण वर्षअखेर वरून विचारणा आली. माळवाडीची दुधाची नोंद पंचेचाळीस लिटर, आणि गावातून कॅन भरून बेळगाव शहराकडे जाणारं दूध चारशे लिटर. नोंदीबाहेरचं दूध हे उघडच विकारग्रस्त. ते पिणाऱ्यांचा शोध घ्यावा.

हे काम माझ्याकडे आलं. सुरुवात माझ्याच गल्लीपासून केली, अनगोळची शिकलेली माणसं. पहिल्या दारात जयाबाई नावाच्या शिक्षिका उभ्या होत्या. मी विचारलं, रोज दूध किती घेता? त्यांनी शेजारच्या खिडकीकडे पाहिलं, सायीचं पातेलं पायाने दाराआड ढकललं आणि म्हणाल्या, "कुठलं दूध हो? आम्ही कोराच चहा घेतो." मी लिहून घेतलं. सही घेतली. मागून माणसांचा वजनकाटा घेऊन शिपाई येतच होता.

शहापूर झालं की तुमच्या गल्लीत येतोय. माझं अक्षर अजून तसंच वळणदार आहे. काय सांगायचं ते एव्हाना तुमच्या मनात आलंच असेल. फक्त वजन त्याला जुळतंय का, तेवढं आधी बघून घ्या.