ढिल्या पट्ट्यावरची गाणी

गाण्यावरून भांडायचं असेल तर ते गाणं आधी ऐकलेलं असावं, असा आपला एक साधा समज असतो. आमच्या शेजारच्या शिवलिंगअण्णांना तो मान्य नाही. एका नव्या अल्बमवरून त्यांनी गेला महिनाभर निम्म्या जगाशी भांडण मांडलं होतं, आणि तो अल्बम त्यांनी स्वतः ऐकलेलाच नव्हता.

प्रकार असा. युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात चार म्हातारे आहेत. पेटी नाही, तबला नाही, गिटारसुद्धा नाही. विजेच्या यंत्रांपुढे उभे राहून बटणं दाबत त्यांनी सगळी हयात संगीत काढण्यात घालवली. अण्णा त्यांना 'आपले चौघं' म्हणतात. बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर ह्या चौघांचा नवा अल्बम आला. मोबाइलवर त्याच्याखाली जगभरचे चाहते आपापली मतं लिहितात, आणि प्रत्येक मताला सोलापूरहून उत्तर जातं.

मी ह्यात ओढला गेलो तो भूगोलामुळे. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे पृथ्वीवर जे काही चालतं त्याला मी थोडाफार जबाबदार आहे असं अण्णांना वाटतं. सकाळी अंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते माझ्या दारात उभे राहतात.

"सर, एस्टोनिया कुटं आलं वो?"

"बाल्टिक समुद्राच्या काठी. का?"

"तितला एकजण म्हणतोय, आपले चौघं थकले. लई हळू वाजवाय लागलेत म्हणं. थंडी असती का तितं?"

"कडाक्याची."

"मग बरोबर हाय. थंडीत माणसाला घाईच असती."

मग तिथंच उभ्या उभ्या एका बोटानं टाइप करून ते उत्तर पाठवणार. भाषा मराठी. "आधी नीट ऐकून घ्या की राव. उगं घाई कशाला?" एस्टोनियाच्या माणसानं त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. अण्णांच्या मते तो शरण आला.

ब्राझीलच्या एका बाईंनी लिहिलं होतं की ह्या अल्बमवर नाचता येत नाही. त्यांना अण्णांनी कळवलं, "बाई, बसून ऐका. गुडघे वाचतील." कुणी तरी लिहिलं, म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं. त्या दिवशी मात्र अण्णा चिडले आणि कन्नडमध्ये लिहिते झाले. काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, पण काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, त्यांच्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सर, इचारू नका. शोभणारं न्हाय ते."

एकदा मी न राहवून विचारलं, "अण्णा, पण तुम्हाला स्वतःला कसा वाटला?"

"काय?"

"अल्बम."

अण्णांनी मोबाइल खिशात टाकला. "ऐकू की. घाई कुणाला हाय?" म्हणाले, आणि चप्पल घालून दुकानाला गेले.

हे 'घाई कुणाला हाय' म्हणजे अण्णांचं पालुपद. सात रस्ता चौकाजवळ त्यांचं टॉवेल-चादरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून आत आलं, की अण्णांचे हात आपोआप मंदावतात. चादर उलगडायची, झटकायची, तिची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायची, सगळं एका संथ ठेक्यात. गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णा, जरा लवकर." अण्णा म्हणतात, "घाई कुणाला हाय?" गिऱ्हाईक म्हणतं, "मला हाय." अण्णांना हे उत्तर ऐकू येत नाही.

बाकी त्यांचे कान भलतेच तयार आहेत. पिठाच्या गिरणीसमोर ते डोळे मिटून उभे राहतात. दळण झालं तरी हलत नाहीत. आमच्या इमारतीची पाण्याची मोटर दोन वर्षं घरघरत होती, तेव्हा सगळे कावले होते आणि अण्णा जिन्यात बसून ऐकत होते. शेवटी वर्गणी काढून मोटर दुरुस्त केली. मिस्त्री गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "चांगली गात होती वो. बिचारीला गप केलं." खरं सांगतो, त्यानंतर दोन-चार दिवस मलाही पहाटे चुकल्यासारखं झालं. अण्णांच्या शेजारी राहण्याचा हा एक तोटा आहे.

टॉवेलवाल्या माणसाला हा परदेशी नाद लागला कसा, हे मला काकूंनी सांगितलं, आणि थोडं अण्णांनी, तुकड्या-तुकड्यानं.

अण्णांचा एक दोस्त होता, नरसय्या. सोलापूरच्या पूर्व भागात त्याचे यंत्रमाग होते. अण्णांच्या दुकानातले टॉवेल तिथूनच यायचे, आणि अण्णा रोज तिथं असायचे. नरसय्याची मातृभाषा तेलुगू, अण्णांची कन्नड, धंदा मराठीतून. भांडण मात्र दोघं आपापल्या भाषेत करायचे, म्हणजे मन मोकळं व्हायचं आणि समोरच्याला लागायचंही नाही. नरसय्याचा मेव्हणा आखाती देशात नोकरीला होता. त्यानं एकदा टेपरेकॉर्डर पाठवला. तो कुणाकडून तरी वापरलेला घेतला असावा, कारण आत एक कॅसेट तशीच राहिली होती. ह्या चौघांची.

सुट्टीच्या दिवशी माग बंद होते. दोघांनी कारखान्यात, नव्या टॉवेलांच्या ढिगावर आडवं होऊन ती कॅसेट लावली. अण्णा सांगतात, "सर, आठवडाभर खटक-खटक ऐकून कान बधिर झालेले असायचे. माग थांबला तरी डोक्यात चालूच. आणि ह्या कॅसेटमधनं बी तेच. खटक-खटक. पण कसं? मागाला झोप लागून सपान पडल्यागत." पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप खाली येत होती, तिच्यात कापसाची धूळ तरंगत होती. कॅसेट संपली तेव्हा नरसय्या फक्त "बागुंदि" म्हणाला. चांगलं आहे.

पुढं शहर-शहर फिरून, ओळखीपाळखीतून ह्या चौघांच्या कॅसेटी जमत गेल्या. एकदा एक नवी कॅसेट नीट चालते का बघायला म्हणून नरसय्यानं एकट्यानंच एक बाजू ऐकून घेतली. अण्णांना कळलं. अण्णांनी बोलणं टाकलं आणि दुसरीकडून टॉवेल घ्यायला लागले. अखेर काकूंनी नरसय्याला घरी जेवायला बोलावलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आणि जेवता जेवता तह झाला: आपल्या चौघांचं नवं काहीही आलं, तर पहिल्यांदा दोघांनी मिळून ऐकायचं. एकट्यानं नाही.

ह्या गोष्टीत एक गोम आहे. टेपरेकॉर्डरचा आतला पट्टा सुरुवातीलाच तुटला होता. नरसय्यानं सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती कापली आणि पट्ट्याच्या जागी चढवली. ती थोडी ढिली बसली. यंत्र चालायला लागलं, पण सावकाश. दोघांनाही फरक कळला नाही, कारण मूळ चाल त्यांनी फार ऐकलीच नव्हती. नंतरची प्रत्येक कॅसेट त्याच यंत्रात, त्याच ढिल्या पट्ट्यावर वाजली. म्हणजे सगळं जग ज्या गाण्यांवर घाम गाळून नाचत होतं, ती गाणी सोलापुरात दोन माणसं टॉवेलांवर पडून, ढग बघितल्यासारखी ऐकत होती.

उलगडा झाला तो मोबाइल आल्यावर. अण्णांच्या मुलानं त्यांना जुनी गाणी काढून दिली. अण्णांनी ऐकलं आणि मोबाइल परत केला. "हे आपले न्हाईत. हे कुणी तरी दुसरेच हायत, पळून चाललेत." नरसय्याला बोलावलं. दोघांनी पुन्हा ऐकलं, टेपरेकॉर्डर उघडला, चकतीकडे बराच वेळ बघितलं. एखादा माणूस शरमला असता. नरसय्या म्हणाला, "तेंचं चुकलंय. आपला पट्टा बरोबर हाय." अण्णांनाही ते पटलं. मोबाइलवर गाण्याचा वेग कमी करता येतो हे मुलाकडून शिकून घेतलं, आणि तेव्हापासून ते दोघं सगळं आपल्याच चालीनं ऐकत आले.

नरसय्या मागच्या थंडीत गेला. झोपेतच. आणि उन्हाळा लागता लागता चौघांचा नवा अल्बम आला.

आता कळलं ना, अण्णा का ऐकत नव्हते? मला कळायला वेळ लागला. मी त्यांच्या भांडणांना हसत होतो, देश शोधून देत होतो. काकूंनीच एके दिवशी मला जिन्यात गाठलं.

"सर, एक काम करता का? रविवारी ह्यांच्याजवळ बसा की जरा. ते गाणं एकदा ऐकून टाकू दे. रोज उठून हातात मोबाइल घेतात, तितपर्यंत बोट नेतात, आणि परत भांडत बसतात."

"तुम्हीच का बसत नाही, काकू?"

"बसले असते की. मला म्हणले, तुला आवडत न्हाय, तू माझ्यासाठी म्हणून बसशील. तसं न्हाय चालत म्हणं."

मला तरी कुठं आवडत होतं? पण मी भूगोलवाला. अण्णांना वाटत होतं, इतके देश माहीत असलेल्या माणसाला परकं काही नसणार.

रविवारी दुपारी गेलो. बाहेर सोलापूरचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अण्णांनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या, त्यामुळे खोलीत गार, निळसर उजेड होता. जमिनीवर दुहेरी अंथरूण. "आडवं व्हा. बसून ऐकायचं नसतंय हे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. लग्नाआधी मुलगी बघायला गेलेल्या माणसासारखे ते दोनदा उठले, दोनदा बसले. घाई नसणाऱ्या ह्या माणसाच्या हाताला घाम आला होता.

गाणं सुरू झालं. सवयीनं अण्णांचं बोट वेग कमी करायला पुढे गेलं आणि तिथंच थांबलं. गाणं आधीच हळू होतं. एक ठोका पडायचा आणि दुसरा येईपर्यंत मध्ये चांगली ऐसपैस जागा असायची. त्या जागेत कुठून तरी लांबून, शेतापलीकडून कुणी हाक मारावी तसा एक सूर यायचा.

अण्णा ऐकत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. आधी ओठात, मग पोट हलायला लागलं.

"सर, ऐकलं का? म्हातारे झाले की वो. तेंचा बी पट्टा ढिला झाला!"

मीही हसलो. सगळ्या जगानं ज्याला थकवा म्हटलं, त्याला अण्णांनी घरी परत येणं ठरवलं होतं. "इतकी वर्सं पळत होते. आता आले आपल्या चालीवर. नरस..." ते डावीकडे वळले. तिथं मी होतो. "बगा की सर," म्हणाले, आणि छताकडे बघत आडवे झाले.

दुसरं गाणं लागलं. खिडकीतली ओली चादर वाऱ्यानं आत यायची, बाहेर जायची. पंख्याचा आवाज कुठला आणि गाण्याचा कुठला, हे मला सांगता येईना. कुठला तरी समुद्र, बहुतेक बाल्टिकच, सात रस्त्यापर्यंत आला होता आणि त्यावर टॉवेल तरंगत होते. मी त्यांतल्या एकावर पाठ टेकली.

जागा झालो तेव्हा खोलीत काहीच वाजत नव्हतं. चादरी वाळल्या होत्या. माझ्या अंगावर कुणी तरी पातळ चादर घातली होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर मोबाइल.

मी दचकून उठलो. "संपला का अल्बम?"

"न्हाय. तुमी झोपलात की मी बंद केलं."

"अहो, मग तुम्ही तरी पुढं ऐकायचं. मला कशाला थांबलात इतका वेळ?"

"एकट्यानं?" अण्णा म्हणाले.

त्या थंड गावातल्या चार म्हाताऱ्यांना कल्पनाही नसेल, की त्यांचं अर्धं गाणं हातात धरून एक माणूस एका घोरणाऱ्या भूगोलवाल्याच्या उशाशी बसून राहिला होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

अण्णाच पुढं बोलले. "नरसय्या गेला तवा लई लोक भेटायला आले. सगळे म्हणाले, अण्णा, काय लागलं तर सांगा. चांगली माणसं. पण काय सांगायचं वो? जरा येऊन माझ्याजवळ पडा आणि गाणी ऐका, असं कसं सांगायचं कुणाला?"

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

मी तोंडावर पाणी मारून आलो. अंथरुणावर ताठ बसलो. म्हटलं, "अण्णा, मागचं धरायचं नाही. मी झोपलो ते ऐकणं धरूच नका. पहिल्यापासून लावा. आज पुरं ऐकूनच उठायचं."

अण्णांनी मोबाइल उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग माझ्या हातात दिला.

"तुमीच लावा," ते म्हणाले. "मला नीट दिसंना झालंय."